आत्याने दुधात काय घातले

शेषम्माआत्याने ही गोष्ट सांगितली ती सकाळी, सतीशकुमार कामावर निघत असताना, आणि तीही डब्यात लोणचे घालू की नको असे विचारावे तशा आवाजात.

"आडी पेरुक्कु झाला की मी पापनाशमला जाते. माझ्या दिराकडे, वैद्यनाथाकडे."

सतीश दारात वाकून बूट घालत होता. आडी पेरुक्कु, म्हणजे कावेरीच्या नव्या पाण्याची पूजा करायचा सण, आठवड्यावर आला होता. "किती दिवस?" त्याने विचारले.

"दिवस कसले रे? राहायास जाते."

त्याने मान वर केली. आत्या डब्याचे झाकण तळहाताने दाबत होती. अंगावर नेहमीची नऊवारी, कमरेला कोठीच्या किल्ल्या. सतीश लहान असताना त्याची आई गेली आणि वडिलांच्या या विधवा बहिणीने त्याला वाढवले. पुढे त्याचे लग्न झाले, कविता घरात आली, रम्या जन्मली, भाड्याचे घर सोडून नव्या बसस्थानकामागे त्यांनी स्वतःचे घर बांधले, पण कोठीच्या किल्ल्या आत्याच्या कमरेलाच राहिल्या. कविता बँकेत जाई, सतीश पाटबंधारे खात्यात कालव्यांवर. शाळेतून आलेल्या रम्याचे दूध, वेणी, गोष्ट, सगळे आत्याकडे. ती गेली तर घर कसे चालायचे हा प्रश्न होताच. पण त्याच्याही आधी सतीशच्या मनात आले ते असे, की आत्या नसलेले घर आपण कधी पाहिलेलेच नाही.

"कोणी बोलले काय तुला? कविता?"

"कविता कशाला बोलेल? बोलायास तिला वेळ कोठे आहे?"

"मग?"

"लेकरू माझ्या हातचे दूध घेत नाही," आत्या म्हणाली. "मी खोलीत आले की ती उठून जाते. वेणी घालू देत नाही. आपल्याला लेकरू भिते त्या घरात कशास राहावे?"

"भिते? तुला?" सतीशला हसूच आले. स्वयंपाकघरात पाल दिसली तरी आत्या तिला हाकलत नसे, 'जा ग बाई, जा' अशी विनवणी करत असे.

आत्या हसली नाही. "डबा घे," म्हणाली आणि आत गेली.

मोपेडवरून जाताना सतीश विचार करत राहिला. रम्या आठ वर्षांची. सगळे लाड आत्यानेच केलेले. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत ही पोर आत्याच्या पदराला धरून घरभर फिरत होती. मधल्या दोन महिन्यांत असे काय झाले? त्याला काहीच आठवेना. उलट त्याच्या मते हे दोन महिने रम्याच्या बाबतीत फारच चांगले गेले होते.

त्याचे कारण होते टीव्ही, आणि टीव्हीचे कारण होते वरुणराव.

वरुणराव म्हणजे सतीशच्या वडिलांचे चुलतभाऊ. एप्रिलमध्ये तिरुवैयारूला एका मुंजीत ते भेटले. तंजावरच्या मराठी घरांची सगळी मंडळी जमलेली. वरुणरावांनी रम्याला जवळ बोलावून मराठीत चार गोष्टी विचारल्या. रम्याने चारही उत्तरे तमिळमध्ये दिली.

"तिला कळते सगळे," सतीश घाईने म्हणाला.

"कळायचे काय रे," वरुणराव म्हणाले. "आमच्या कुत्र्याला पण कळते. बैस म्हटले की बैसतो." आजूबाजूची माणसे हसली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरी टीव्हीवर काय पाहते?"

"तमिळ कार्टून. आईबरोबर कधी तमिळ मालिका."

"हे बघ! मराठी लाव. आजकाल सगळे मिळते. आपले लोक तिच्या डोळ्यांसमोर येऊ दे."

तोवर घरातल्या टीव्हीचा कारभार कविताकडे होता. तिची पद्धत साधी होती. रम्या एकटी टीव्ही पाहणार नाही, आई शेजारी असेल तरच. तमिळ मालिका लागली की सुरुवातीला पडद्यावर सूचना येई, की यातली पात्रे आणि घटना काल्पनिक आहेत. ती सूचना कविता रम्याला मोठ्याने वाचायला लावी. एवढ्याने रम्याचे तमिळ वाचन सुधारले आणि मालिकेचे विषही उतरले. पडद्यावर सासूने सुनेच्या कानाखाली वाजवली की ही पोर मांडी ठोकून आनंदाने ओरडे, "कर्पनै, अम्मा!" कर्पनै म्हणजे कल्पना. सगळे खोटे.

"काय पाहते ते राहू दे, कोणाबरोबर पाहते ते बघा," असे कविताचे म्हणणे. सतीशला ते पटत नव्हते. कालव्याच्या मुखाशी दरवाजे नीट लावले तर खाली प्रत्येक शेताच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागत नाही, असे तो म्हणे. एकदा चांगले निवडावे आणि निश्चिंत व्हावे.

त्याने आधी मराठी कार्टून लावली. रम्या हसत सुटली. "अप्पा, हा उंदीर दुसऱ्या चॅनलवर तमिळ बोलतो! याला मराठी कोणी शिकवले?" म्हणून मग त्याने खऱ्या माणसांची मालिका शोधली. ती सापडलीही छान. मोठे एकत्र कुटुंब, सकाळी आरती, मुले मोठ्यांच्या पाया पडतात, सगळे एकमेकांशी हळू बोलतात. सुरुवातीचे काही भाग त्याने स्वतः आधी पाहून ठेवले. कोठे शिवी नाही, मारामारी नाही. पहिल्या दिवशी तो रम्याला घेऊन बसला.

सुरुवातीला पडद्यावर अक्षरे आली.

"अप्पा, काय लिहिले?" रम्याने सवयीप्रमाणे विचारले.

सतीशला देवनागरी वाचता येत नव्हते. त्याच्या नात्यागोत्यात फारच थोड्यांना येत होते. बोलायची मराठी, वाचायचे तमिळ आणि इंग्रजी, असे पिढ्यांपासून चालत आलेले. पण आज मराठीचा पहिला धडा, आणि पहिल्याच ओळीला 'येत नाही' कसे म्हणायचे?

"लिहिले आहे," तो म्हणाला, "की ही आपल्या लोकांची गोष्ट आहे."

"खरी?"

"मग काय? आपले लोक असे राहतात, असे बोलतात. नीट बघ आणि तसे कर."

रम्या आज्ञाधारक पोर. मांडी घालून नीट बघू लागली.

जूनमध्ये कावेरीवरच्या कल्लणै धरणाचे दरवाजे उघडले, कालव्यांना पाणी आले आणि सतीशला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. वरच्या गावांना पाणी जास्त गेले म्हणून खालची गावे भांडायला येत, खालच्यांना दिले की वरचे. संध्याकाळी कविता बँकेतून येऊन स्वयंपाकघरात शिरे, आत्या देवापुढे बसे आणि रम्या मालिका पाही. आता कोणी शेजारी बसायची गरज नव्हती. मालिका अप्पांनी निवडलेली होती.

आणि फळ दिसू लागले. एका रविवारी रम्या त्याच्यासमोर येऊन हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी थोडं महत्त्वाचं बोलायचं आहे."

अप्पाचा बाबा झाला होता, वाक्य अखंड मराठी होते, एकही तमिळ शब्द नाही. सतीशने तिथल्या तिथे वरुणरावांना फोन लावला. "बोल बोल, आजोबांशी बोल. काय महत्त्वाचे आहे?"

रम्याने फोन कानाला धरला. "आपल्या घराची कागदपत्रं कुठे आहेत?"

वरुणराव पोट धरून हसले. "तुझी लेक वकील होणार रे सतीश!" सतीशही हसला. पोरगी घराच्या कागदांची चौकशी का करते, हे त्याच्या डोक्यात आले नाही. मराठी किती स्वच्छ आहे, एवढेच त्याने ऐकले.

आता, मोपेडवर बसून कालव्याच्या कडेने जाताना, एकेक गोष्ट आठवू लागली. रम्या हल्ली दाराआड उभी राहते. 'काय करू लागलीस ग तेथे?' असे आत्याने विचारले की न बोलता निघून जाते. कपाटाला कुलूप घालते आणि किल्ली दप्तरात ठेवते. एकदा तिने कविताला विचारले होते, आत्याला एखादा लपवलेला मुलगा आहे काय? आत्याला मूलबाळ नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. 'असे विचारू नये' एवढे म्हणून कविता डोशाच्या पिठाकडे वळली होती.

त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला आणि रम्याला गच्चीवर घेऊन गेला.

"आत्या रागावली काय तुला?"

"नाही."

"मारले?"

"नाही."

"मग तिच्या हातचे दूध का घेत नाहीस?"

रम्याने समोरच्या नारळाकडे पाहिले. "वेळ आली की सगळं सांगेन," ती म्हणाली.

आठ वर्षांच्या मुलीची कसली वेळ येणार?

पुढचे दोन दिवस त्याने स्वतःच्या पद्धतीने शोध घेतला. दूध नासके असेल म्हणून पिशवी बदलली. शाळेच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलगी अगदी नीट आहे, फक्त डबा उघडायच्या आधी वास घेते. त्याने जंतांचे औषध आणले. रम्याने ते आईच्या हातून निमूटपणे घेतले. दुधाचे मात्र तसेच राहिले. दरम्यान कविताला जास्वंदीच्या कुंडीत मुंग्यांचे वारूळ दिसले आणि माती चिकट लागली. आत्या समोर ठेवून गेली की पेला रोज रिकामा होत होता, पण तो कुंडीत.

"बसा की एकदा तिच्याबरोबर टीव्हीपुढे," कविता म्हणाली.

"टीव्हीचा काय संबंध? ती मालिका मी स्वतः पाहिली आहे. चांगली आहे."

"तुम्ही सुरुवातीचे पाहिले. मुखाशी पाणी सोडले की थेट घरी येता काय हो? टेलला जाऊन बघत नाही?"

हे सतीशला लागले. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, काय पोचते ते पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हे तो हाताखालच्या माणसांना रोज सांगत असे. संध्याकाळी तो सतरंजीवर रम्याशेजारी जाऊन बसला. रम्याने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि थोडी सरकून जागा दिली.

कुटुंब तेच होते, घरही तेच. पण आरती कोणी करत नव्हते. घरात एक बाई आली होती. काशीआत्या. घरच्या धन्याची बहीण, अंगावर नऊवारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती आली की नगारे वाजत आणि तिचा चेहरा तीनदा दिसे, एकदा समोरून आणि दोनदा बाजूंनी. काशीआत्या स्वयंपाकघरात गेली. इकडेतिकडे पाहिले. कनवटीची चांदीची डबी काढली. त्यातली पूड पेल्यातल्या दुधात सोडली. मग अत्यंत गोड आवाजात हाक मारली, "बाळा, ये ग, दूध घे."

अगदी त्याच वेळी सतीशच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "रम्या, ये ग लेकरा, दूध घे."

आत्या बाहेर आली. अंगावर नऊवारी, कमरेला किल्ल्या, हातात पेला. आणि कनवटीला, सतीशला लहानपणापासून माहीत असलेली, ताडाची खडीसाखर आणि मिरी कुटून ठेवलेली पितळी डबी. खोकला होऊ नये म्हणून तिने ती पूड सतीशला घातली होती, आता रम्याला घालत होती.

रम्या त्याच्या दंडाला चिकटली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटली, "पाहिलंत ना बाबा?"

आत्याने पेला खाली ठेवला, दोघांकडे एकवार पाहिले आणि परत गेली.

सतीशने टीव्ही बंद केला. "हे बघ रम्या, हे खोटे आहे. ती नाटकातली बाई आहे."

"कर्पनै?"

"कर्पनै."

"तमिळ मालिका कर्पनै," रम्या म्हणाली. "अम्मा वाचून दाखवते. ही आपल्या लोकांची गोष्ट. असे लिहिले आहे, तुम्हीच वाचलेत."

"हो, पण..."

"आपले लोक असे राहतात म्हणालात."

"भाषेबद्दल म्हणालो ग. घराबद्दल नाही."

"बोलतात ते खरे आणि करतात ते खोटे?"

कालव्यावर दोन गावांची भांडणे सतीश रोज मिटवत असे, पण या मुलीपुढे त्याचे काही चालेना. शेवटी तो चिडला. "ते काही नाही. उद्यापासून मालिका बंद. आणि आत्याबद्दल पुन्हा असे मनात आणायचे नाही. ती देवमाणूस आहे."

रम्याचा चेहरा एकदम उतरला. ती बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग हळूच उठून आईकडे गेली.

त्यानंतर ती सतीशशीही बोलेना.

आडी पेरुक्कुला सगळे तिरुवैयारूला नदीवर गेले. घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका पाण्यात हळदीकुंकू सोडत होत्या, पोरे काठावर पाय बुडवून बसली होती, जिकडेतिकडे डबे उघडलेले. आत्याने पहाटे उठून चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात आणि दहीभात केला होता. रम्याने आईच्या पिशवीतली बिस्किटे खाल्ली. आत्याने दहीभाताची मूद नदीत सोडली, हात धुतले आणि पाण्याकडे पाहत बसली. "यंदा पाणी चांगले आले," एवढेच म्हणाली.

परत येताना बसमध्ये रम्याला झोप लागली. कविता सतीशच्या कानाशी वाकली. "कळले तुमच्याशी का बोलत नाही ते. मालिकेत त्या मुलीचा बाप एक दिवस काशीआत्याची बाजू घेऊ लागला. का, तर त्याला पण दूध दिले होते." तिला हसू आवरेना. "म्हणते, अप्पा रोज आत्याच्या हातची कॉफी पितात."

सतीशही हसणार होता, पण पुढच्या सीटवर आत्या मांडीवर रिकामा डबा घेऊन ताठ बसली होती, आणि उद्या सकाळी पापनाशमची गाडी होती. कविताचे हसूही थांबले.

"तिला सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? तू विष घालतेस असे माझ्या मुलीला वाटते म्हणून?"

"तेच."

घरी आल्यावर आत्या आपली पिशवी भरू लागली. सामान थोडेच होते. सतीश दारात उभा राहिला आणि त्याने सांगितले. आधी घुटमळत, मग सगळे एका दमात: मालिका, काशीआत्या, डबी, दूध.

आत्याचा हात घडी केलेल्या साडीवर थांबला. "मी?" ती म्हणाली. "दुधात?"

"ती लहान आहे आत्या. चूक माझी. मीच म्हणालो..."

"उगा राहा." ती आता रडते की काय असे सतीशला वाटले. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मजला दाखव."

"काय?"

"ती बाई. कोण आहे ती, बघू तर दे."

आत्या टीव्ही पाहत नसे. पहाटे रेडिओवर भजन ऐकले की तिला दिवसाला पुरे. ती येऊन सतरंजीवर बसली. रम्या दूरच्या कोपऱ्यात, आईच्या मांडीला टेकून. बंद केलेली मालिका अप्पा स्वतः लावतात, हे पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पडद्यावर अक्षरे आली. कविताने मान पुढे केली. शाळेत असताना कुंभकोणमला तिने खासगी शिकवणीत हिंदीच्या पहिल्या एकदोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर ती एकेक अक्षर जोडू लागली. "या... मा...लि...केतील... सर्व... पात्रे... का...ल्प..."

"कर्पनै?" रम्या ताठ झाली.

"काल्पनिक. कर्पनैच."

रम्या सतीशकडे वळली. इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. "तुम्ही वाचलेत तेव्हा दुसरे लिहिले होते."

"तेच लिहिले असणार," सतीश म्हणाला. "मजला ती अक्षरे वाचायास येत नाहीत."

"मग वाचलेत कसे?"

"वाचलेच नाही."

ती विचारात पडली. सतीशला वाटले, आता तिचा जीव भांड्यात पडेल. तसे काही दिसले नाही. उलट ती अधिकच घोटाळलेली दिसली. "सगळे कर्पनै असेल," ती सावकाश म्हणाली, "तर आपले लोक पण कर्पनै?"

कविताने सतीशकडे पाहिले, सतीशने कविताकडे. तेवढ्यात नगारे वाजले आणि काशीआत्या आली.

आत्या निरखून पाहू लागली. काशीआत्या भराभरा काहीतरी बोलली. आत्याने कपाळाला हात लावला. "काय म्हणते ही? केवढी घाई! एक अक्षर कळेना."

सतीशलाही सगळे कळले नव्हते. पडद्यावर डबी निघाली, पूड दुधात पडली, पेला उचलला गेला.

"अय्यो," आत्या म्हणाली. "ढवळलेच नाही तिने."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

"खाली बसेल ना ते सगळे. वर नुसते दूध, तळाला चोथा. चमचा कोठे आहे हिचा?"

"आत्या!" रम्या कोपऱ्यातून ओरडली. "ते विष आहे!"

"विष असो नाहीतर साखर असो, ढवळायास हवे."

कविताने पदर तोंडाला लावला. रम्या आत्याकडे पाहत राहिली, डोळे मोठे करून. काशीआत्या पुन्हा भराभरा बोलली.

"आता काय म्हणाली?" आत्याने विचारले, कोणा एकाला नाही, सगळ्यांनाच.

मग रम्या म्हणाली, "म्हणते, आजपासून हे घर माझे." ती आपल्या घरच्या मराठीत म्हणाली, मध्ये दोन तमिळ शब्द घालून, आणि सतीशला कळायच्या आत कोपऱ्यातून दोन हात पुढे सरकली. "तिला घराचे कागद हवे आहेत."

"कशास?"

"विकायास."

"मग राहील कोठे?"

याचे उत्तर रम्याजवळ नव्हते. बहुधा मालिकेजवळही नव्हते. "ठाऊक नाही," ती म्हणाली.

"मूर्ख आहे ग ती," आत्याने निकाल दिला. "पण घरात काम करते ती एकटीच. बाकीचे बघ, नटून जिन्यात उभे आहेत नुसते."

भाग संपेपर्यंत आत्या विचारत राहिली आणि रम्या सांगत राहिली. हा कोण, ती का रडते, ही दोघे नवराबायको आहेत की बहीणभाऊ. रम्याने मराठी शिकावी म्हणून सतीशने मालिका लावली होती, आणि आता मालिकेची मराठी रम्या आत्याला घरच्या मराठीत उलगडून सांगत होती. यात कोण काय शिकले, याचा त्याला हिशेब लागेना.

शेवटी पेला बाळाच्या ओठांशी नेऊन भाग थांबला.

"आणि पुढे?" आत्या म्हणाली.

"उद्या."

"उद्या मी पापनाशमला. तेथे हे लागत नाही. वैद्यनाथाची बायको तमिळ पाहते."

आत्या उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुधाचा पेला होता आणि दुसऱ्या हातात चमचा. तिने पेला रम्यासमोर सतरंजीवर ठेवला, कनवटीची डबी काढली, झाकण उघडून तीही शेजारी ठेवली, आणि चमचा रम्याच्या हातात दिला. मग थोडी लांब जाऊन बसली.

रम्याने डबीचा वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावले आणि डोळे मिटून थांबली. काही झाले नाही. तिने चमचाभर पूड दुधात टाकली आणि ढवळू लागली. खूप वेळ ढवळत होती. चमचा पेल्याला लागून वाजत होता.

मग तिने पेला उचलून अर्धे दूध पिऊन टाकले.

तिचा विश्वास बसला म्हणून ती प्यायली, की पूड स्वतःच्या हाताने घातली म्हणून, हे सतीशला सांगता आले नसते. आत्याकडे पाहिले तर ती खिडकीतून बाहेर पाहत होती आणि तिच्या दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर घट्ट होत्या.

रम्याने उरलेले अर्धे दूध त्याच्यापुढे सरकवले.

"अप्पा," ती म्हणाली. "आता तुम्ही."

सतीश एका दमात प्यायला. गोड होते, आणि मागाहून घशाशी मिरीचा चटका. लहानपणाची चव. रम्या गुडघ्यांवर उभी राहून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांत पाहत होती.

"आत्या चांगली आहे?" तिने विचारले.

सतीश गोंधळला. 'हो' म्हणावे तर दुधाचा परिणाम झाला असे ठरेल. 'नाही' तर म्हणवणारच नाही. त्याने आत्याकडे पाहिले. आत्याही आता त्याच्याकडेच पाहत होती, तीही उत्तराची वाट पाहत असल्यासारखी.

"आधी होती तशीच आहे," तो म्हणाला.

रम्याने यावर बराच विचार केला. मग ती उठली, आत्याच्या खोलीत गेली आणि भरलेली पिशवी दोन्ही हातांनी ओढत बाहेर घेऊन आली. पिशवी दाराकडे नेते की काय? पण ती टीव्हीसमोर थांबली आणि पिशवीवर बसली.

"आत्या," ती म्हणाली, "ते बाळ दूध पिते की नाही ते पाहून जा."

"बघू," आत्या म्हणाली, आणि खाली वाकून तिने डबीचे झाकण लावले.